वाचनकट्ट्यासाठी थ्रिलर: शेवट कळल्यावर काय उरतं, ते बघून निवडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या तुमच्या सोसायटीत बारा जणांचा वाचनकट्टा आहे, वयं २६ पासून ७१ पर्यंत. वर्षभर गंभीर कादंबऱ्या घेतल्या आणि हळूहळू निम्मे लोक पुस्तक अर्धवट ठेवून बैठकीला येऊ लागले. म्हणून गेल्या महिन्यात एक गाजलेलं वेगवान थ्रिलर घेतलं. सगळ्यांनी ते वाचून संपवलं, तिघांनी तर एका रात्रीत. पण बैठकीत वीस मिनिटांत बोलणं संपलं. पुढच्या सहा महिन्यांसाठी कोणती थ्रिलर घ्यावीत आणि निवडताना काय बघावं, असं तुम्ही विचारलं आहे.

बोलणं वीस मिनिटांत संपलं यात तुमच्या मंडळींची चूक नाही, आणि थ्रिलर या प्रकाराचीही नाही. पुस्तक ‘हातातून सुटत नाही’ एवढंच बघून तुम्ही ते घेतलंत. एकट्याने वाचणाऱ्याला तेवढं पुरतं. दहा-बारा जण गोल करून बसणार असतील, तर आणखी एक गोष्ट बघावी लागते: खून कोणी केला हे कळून चुकल्यावर त्या पुस्तकात काय शिल्लक राहतं? काहीच राहत नसेल, तर बैठकीत लोक एकमेकांना ‘तुला कधी कळलं?’ एवढं विचारतात आणि उठतात.

हे मी कुठून शिकले ते सांगते. डोंबिवलीत मी एकवीस वर्षं एक छोटं वाचनालय चालवलं. २००९ पासून त्याच्याच मागच्या खोलीत आमचा कट्टा भरतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. आमच्याकडे तारखेच्या शिक्क्याशेजारी सभासद क्रमांकही लिहायची पद्धत होती. गाजलेल्या थ्रिलरचा कागद बघता बघता भरायचा, कारण पुस्तक दोन दिवसांत परत यायचं. पण ते कागद नीट वाचले की दोन जाती दिसायच्या. काही पुस्तकांवर प्रत्येक ओळीत नवा क्रमांक. काहींवर मात्र तोच क्रमांक वर्षा-दीड वर्षाने पुन्हा उमटलेला, कधी तिसऱ्यांदाही. म्हणजे शेवट ठाऊक असताना त्या माणसाने तेच पुस्तक परत नेलं होतं. कट्ट्यासाठी पुस्तकं निवडायची वेळ आली तेव्हा मी त्या दुसऱ्या जातीच्या पुस्तकांची यादी काढली, आणि आजही नवं पुस्तक हाती घेतलं की माझ्या डोक्यात तोच कागद असतो.

आणखी एक प्रसंग. एका अनुवादित रहस्यकादंबरीत कोणीतरी चौदाव्या पानावर एका पात्राच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारून ‘हाच खुनी’ असं लिहून ठेवलं होतं. मी खोडरबराने ते खोडलं, पण पेन्सिल इतकी दाबून चालवली होती की पान तिरकं धरलं की अक्षरं वाचता यायची. पुढे एक सभासद काकू ते पुस्तक परत द्यायला आल्या तेव्हा मी जरा बिचकतच विचारलं. त्या म्हणाल्या, “दिसलं ना मला. मग तर मी जास्तच लक्ष देऊन वाचलं. कुठे कुठे आपल्याला चकवलंय ते बघत बघत.” तुमच्या कट्ट्याला असं पुस्तक हवं.

यामागे एक जुनी समज आहे. चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत ती फार सोप्या उदाहरणाने सांगितली आहे. दोन माणसं टेबलाशी बसून गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण तो दचका पंधरा सेकंदांचा. आता तोच प्रसंग, फक्त टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो किती वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलेलं. गप्पा त्याच, पण आता प्रेक्षक पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसतो. पहिल्यात धक्का आहे, दुसऱ्यात ताण आहे. धक्क्यावर बोलायला फारसं काही नसतं, तो बसला की संपला. ताणावर पुष्कळ बोलता येतं, कारण तो पानोपानी रचलेला असतो आणि कसा रचला ते मागे जाऊन बोट ठेवून दाखवता येतं.

याचं माझ्या मते सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे फ्रेडरिक फोर्सिथ यांची ‘द डे ऑफ द जॅकल’, १९७१ सालची. फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांना मारण्यासाठी एका बंडखोर संघटनेने भाड्याने घेतलेला मारेकरी, एवढंच कथानक. पण द गॉल असे मारले गेले नाहीत, ते १९७० च्या नोव्हेंबरात आपल्या घरी वारले, हे पुस्तक हातात घेणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणजे शेवट मुखपृष्ठ उघडण्याआधीच फुटलेला! अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित नाकारलं होतं. तरीही वाचक शेवटच्या पानापर्यंत श्वास रोखून धरतो. का? कारण फोर्सिथ पत्रकार होते, रॉयटर्ससाठी पॅरिसमध्ये त्याच काळात काम केलेले. बनावट पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक कोणाकडून कशी बनवून घ्यायची, सीमा कशी ओलांडायची, हे सगळं ते एखादा कारागीर आपलं काम समजावून सांगतो तसं सांगतात. लहानपणीच वारलेल्या मुलाचा जन्मदाखला मिळवून त्या नावाने पासपोर्ट काढण्याची त्यातली युक्ती इतकी प्रसिद्ध झाली, की ब्रिटनमध्ये तसल्या फसवणुकीला या कादंबरीचंच नाव पडलं.

आमच्या कट्ट्यावर ही कादंबरी घेतली तेव्हा बैठक अडीच तास चालली. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सुरुवातीलाच एक प्रश्न टाकला: “मी अर्ध्या पुस्तकात त्या मारेकऱ्याच्या बाजूने होतो. त्याचं काम नीट व्हावं असं मला वाटत होतं. असं का वाटावं?” त्यावर गप्पा सुरू झाल्या त्या थांबेनात. कोणी म्हणालं, काम मन लावून करणारा माणूस आपल्याला आवडतोच, मग काम कुठलंही असो. कोणी म्हणालं, लेखकाने आपल्याला त्याच्या शेजारी बसवलं, पोलिसांच्या शेजारी उशिरा बसवलं, म्हणून. हे दुसरं उत्तर फार मोलाचं होतं, कारण मग सगळ्यांनी पानं उलटून बघितलं की पाठलाग करणारा कमिशनर लबेल नेमका कधी येतो आणि तो आल्यावर आपलं मन केव्हा फिरतं.

म्हणून निवड करताना मी स्वतः काय करते ते सांगते. पहिली तीस-चाळीस पानं वाचते आणि मग सरळ शेवटचं प्रकरण वाचते. हो, शेवटचं. रसभंग होतो, पण कट्टा चालवणाऱ्याने तो सोसायचा असतो. शेवट कळल्यानंतर मधलं पुस्तक वाचावंसं वाटतं का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचं. वाटलं तर पुस्तक घ्यायचं. नाही वाटलं तर ते कोणाला प्रवासात वाचायला द्यायचं. हा काही त्या पुस्तकाचा अपमान नाही. कोकणकन्येत वाचायचं पुस्तक वेगळं आणि कट्ट्यावर बोलायचं पुस्तक वेगळं.

याच कसोटीवर मी तुम्हाला जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ आग्रहाने सुचवेन. जपानमध्ये २००५ साली आली, तिथला मानाचा नाओकी पुरस्कार तिला मिळाला, इंग्रजी अनुवाद २०११ चा. टोकियोत जेवणाचे डबे विकणाऱ्या एका छोट्या दुकानात काम करणारी बाई, तिची शाळकरी मुलगी, शेजारी राहणारा आणि रोज तिच्या दुकानातून डबा नेणारा गणिताचा शिक्षक. सुरुवातीच्या काही पानांतच खून होतो आणि तो कोणाच्या हातून झाला हे तुम्ही डोळ्यांनी बघता. लपवलेलं काही नाही, असं वाटतं. मग तो शिक्षक त्या दोघींना वाचवायला पुढे येतो आणि त्याच्यासमोर उभा राहतो त्याचाच कॉलेजमधला जुना मित्र, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. न सुटणारं गणित रचणं अवघड की ते सोडवणं अवघड, हा त्या दोघांमधला प्रश्न. शेवटी जे उलगडतं त्यावर एका बैठकीत समाधान होत नाही. त्या शिक्षकाने जे केलं त्याला प्रेम म्हणायचं का, आणि ज्या बाईसाठी केलं तिला कोणी विचारलं होतं का, यावर आमच्याकडे दोन सख्ख्या मैत्रिणी आठवडाभर एकमेकींशी धड बोलत नव्हत्या.

या पुस्तकाबाबत एक सावधगिरी. यावरचा ‘जाने जान’ हा हिंदी चित्रपट २०२३ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो पाहिला असेल. अशा वेळी पुस्तक टाळू नका. ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं काम द्या: टोकियोतली गोष्ट आपल्याकडे आणताना काय बदलावं लागलं, ते टिपून आणायला सांगा. शेवट ठाऊक असलेला वाचक कट्ट्याला जड होत नाही, उलट त्याचा उपयोग करून घेता येतो.

तुमची पहिली निवड मात्र मी अगाथा ख्रिस्ती यांची ‘अँड देन देअर वेअर नन’ करायला सांगेन. १९३९ सालची कादंबरी, आकाराने आटोपशीर, त्यामुळे जे अर्धवट वाचून यायचे तेही ही पुरी करतील. एका बेटावर दहा माणसं जमतात. पहिल्याच रात्री जेवणानंतर ग्रामोफोनची तबकडी वाजते आणि प्रत्येकाच्या नावानिशी एकेक मृत्यूचा आरोप वाचून दाखवते. भिंतीवर एक बडबडगीत, टेबलावर दहा छोट्या मूर्ती, आणि माणसागणिक एकेक मूर्ती नाहीशी होत जाते. तुमच्यातले ज्येष्ठ लगेच म्हणतील, “अहो, हे तर ‘गुमनाम’!” बरोबर आहे, १९६५ च्या त्या हिंदी चित्रपटाने हाच साचा उचलला होता. पण चित्रपट विसरून पुस्तकातला मूळ प्रश्न धरा: या दहाही जणांचे गुन्हे असे आहेत की कायद्याला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. कोणी औषध वेळेवर दिलं नाही, कोणी माणसाला मुद्दाम मरणाच्या तोंडी धाडलं. यांतला कोणाचा गुन्हा सगळ्यांत मोठा? प्रत्येकाने आपापला क्रम लावून आणायचा. आमच्याकडे दहा जणांनी दहा वेगळे क्रम आणले होते. आणखी एक गंमत म्हणजे ख्रिस्तीबाईंनी स्वतःच १९४३ मध्ये याचं नाटक केलं तेव्हा शेवट बदलला. कादंबरीचा शेवट रंगमंचावर का चालला नसता, यावर नाटकवेड्या मराठी मंडळींना तासभर बोलता येईल.

या एका पुस्तकात पात्रांची नावं पहिल्या वीस पानांत धडाधड येतात आणि गोंधळ उडतो. दहा नावं, प्रत्येकाचा धंदा आणि त्याच्यावरचा आरोप असा अर्ध्या पानाचा कागद करून आधीच सगळ्यांना व्हॉट्सॲपवर पाठवा. आमच्या ज्येष्ठ मंडळींना त्या एका कागदाने फार सोपं गेलं.

शेवटच्या पन्नास पानांत एकदम सगळं उलटंपालटं करणारी, नवरा-बायकोपैकी कोण खोटं बोलतंय असल्या धाटणीची जी पुस्तकं गेल्या दहा-पंधरा वर्षांत ढिगाने आली, त्यांबद्दल मी जरा कडक आहे. त्यांतली दोन-तीन खरोखर चांगली आहेत. बाकीच्यांत लेखक वाचकापासून एखादी गोष्ट केवळ दडवून ठेवतो, आणि दडवणं म्हणजे रचणं नव्हे. ओळखायची खूण अशी: शेवट वाचून झाला की पहिल्या प्रकरणावर परत जा. ज्या पात्राने सांगितलेली गोष्ट खोटी ठरली, त्याची वाक्यं पुन्हा वाचा. ती वाक्यं आता वेगळ्या अर्थाने खरी वाटत असतील तर लेखकाने कष्ट घेतलेत. नुसतीच खोटी वाटत असतील तर पुस्तक ठेवून द्या.

आता मराठीकडे येते. मराठी कट्ट्यावर सहा महिने थ्रिलर वाचायची आणि सगळीच परभाषेतली, हे मला पटत नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं तुमच्यातल्या सत्तरीच्या सभासदापुढे काढून बघा, चेहरा लगेच उजळेल. गोव्याचे गुरुनाथ नाईक यांनीही तेवढीच अफाट संख्या गाठली. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद, अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन ज्यांनी कॉलेजच्या वयात वाचले त्यांना ते आजही सोडवत नाहीत, आणि तुमच्यातल्या सव्विशीच्या मुलांना शिरवळकर हे नाव २०१३ च्या ‘दुनियादारी’ चित्रपटामुळे ठाऊक आहेच. धागा जोडायला तेवढं पुरतं.

अडचण एकच आहे. यांतल्या कुठल्याही एका पुस्तकाच्या बारा प्रती जमवणं महाकठीण. जुन्या आवृत्त्या संपलेल्या, वाचनालयांत एखादी प्रत, तीही पानं सुटलेली. यावर आम्ही काढलेला मार्ग असा: एकच पुस्तक घ्यायचं नाही, एकच लेखक घ्यायचा. प्रत्येकाने त्या लेखकाचं जे हाती लागेल ते वाचून यायचं. गावातलं सार्वजनिक वाचनालय, रद्दीचं दुकान, मामाच्या माळ्यावरची पेटी, ई-पुस्तक, ऐकायची आवृत्ती, काहीही चालेल. मग बैठकीत प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या: पहिल्या पानावर काय घडतं, प्रकरण कुठे तोडलंय, आणि नायक अडकला की त्याला बाहेर कसा काढलाय.

ही बैठक आम्ही शिरवळकरांवर केली तेव्हा अकरा जण अकरा पुस्तकं घेऊन आले होते. दोन तासांत एका लेखकाची सगळी हातोटी टेबलावर मांडल्यासारखी दिसली. संवादाने सुरू होणारी पहिली पानं, तुटक वाक्यं, प्रकरण अशा ठिकाणी तोडायचं की दिवा मालवायची सोय नाही. बाकीच्यांनी न वाचलेल्या पुस्तकाचा शेवट सांगायचा नाही, हा नियम असल्यामुळे बैठक संपल्यावर पुस्तकांची अदलाबदल झाली. काही पुस्तकं अजून परत आलेली नाहीत, म्हणजे ती फिरताहेत.

जुनी मराठी रहस्यकथा घेताना एक गोष्ट आधीच बोलून ठेवा. त्यातल्या बायका बऱ्याचदा एक तर सोडवून आणायच्या असतात नाही तर भुरळ घालायला आलेल्या असतात. तुमच्यातल्या तरुण मुलींना ते खटकेल, आणि खटकायलाच हवं. ज्येष्ठांनी ‘त्या काळात असंच होतं’ म्हणून तो विषय मिटवू नये. आमच्याकडची एक उत्तम बैठक याच मुद्द्यावर झाली: एका मुलीने एक प्रसंग त्यातल्या बाईच्या बाजूने पुन्हा लिहून आणला होता आणि तो मूळ प्रसंगाइतकाच वेगवान होता.

खून-मारामारी नको असणारे एक-दोघं प्रत्येक कट्ट्यावर असतात. त्यांच्यासाठी दोन नावं. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’: जमिनीत खोल सापडलेली एक वस्तू, तिच्यातून हाती आलेलं ज्ञान आणि त्या ज्ञानातून घडवलेला यंत्रमानव. आज जो तो कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल बोलतो आहे, अशा वेळी ही कादंबरी वाचून पाहा. दुसरं नाव अरुण साधूंचं ‘सिंहासन’. तुम्ही म्हणाल, हे कुठे थ्रिलर? पण मुख्यमंत्र्याची खुर्ची राहते की जाते, कोण कोणाच्या गोटात आहे, आणि मधे फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस, हे सगळं ज्या गतीने पुढे सरकतं ती गती एखाद्या पाठलागाच्या कथेला शोभणारी आहे. १९७९ चा चित्रपट ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन्ही कादंबऱ्यांवरून केलेला आहे, तो बहुतेकांनी पाहिलेला असतो, म्हणून पुस्तकात शिरायला वेळ लागत नाही. माझ्या अनुभवात, गंभीर कादंबऱ्यांना कंटाळलेले आणि थ्रिलरला नाक मुरडणारे, दोघेही या एका पुस्तकावर एकत्र येतात.

अनुवादाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे बरेच कट्टे फसतात. इंग्रजी थ्रिलरचे मराठी अनुवाद आता भरपूर मिळतात, काही अप्रतिम असतात. पण थ्रिलरचा वेग वाक्यात असतो. मूळ पुस्तक कितीही वेगवान असो, मराठी वाक्य अडखळत असेल तर वाचक शंभराव्या पानाला थांबतो आणि दोष पुस्तकाला देतो. विकत घेण्याआधी दुकानात उभ्या उभ्या मधलं कुठलंही संवादाचं पान उघडा आणि हळू आवाजात वाचून बघा. माणसं जर वारंवार ‘खांदे उडवत’ असतील, ‘ओह’ म्हणत असतील आणि दर दोन ओळींनी एकमेकांना नावाने हाक मारत असतील, तर अनुवादकाने मराठी माणूस कसा बोलतो हे मनात ऐकलेलं नाही. दुसरी खूण पोलिसांच्या हुद्द्यांची. एकाच माणसाला एका पानावर निरीक्षक, दुसऱ्यावर इन्स्पेक्टर आणि तिसऱ्यावर अधिकारी म्हटलं असेल, तर वाचकाला तीन माणसं आहेत असं वाटतं, आणि रहस्यकथेत ही चूक फार महागात पडते. आमच्याकडे एकदा अर्धी बैठक ‘तो दुसरा अधिकारी कोण’ यात गेली, आणि शेवटी कळलं की दुसरा अधिकारी नव्हताच.

तुमच्या बारा जणांत काही इंग्रजी वाचणारे आणि काही फक्त मराठी वाचणारे असतील, तर दोन्ही भाषांत मिळणारं पुस्तक घ्या आणि दोन्ही आवृत्त्या टेबलावर ठेवा. एकाच प्रसंगाची दोन भाषांतली अर्धी पानं एकापाठोपाठ वाचून दाखवा. ख्रिस्तीबाईंसाठी हे सहज जमतं. पण कुठलंही पुस्तक नक्की करण्याआधी दुकानात फोन करून किती प्रती मिळतील ते विचारा. सात-आठ प्रतींच्या खाली मी जात नाही. त्याहून कमी असल्या की पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाईपर्यंत महिना सरतो आणि शेवटच्या माणसाला बैठकीच्या आदल्या रात्री जागावं लागतं.

पानांचंही गणित आहे. अडीचशे ते साडेतीनशे पानं, हा माझा पल्ला. पाचशेच्या वरचं थ्रिलर कितीही वेगवान असलं तरी नोकरी करणारी माणसं ते सुट्टीसाठी बाजूला ठेवतात. ‘जॅकल’ याला अपवाद, पण तिला सलग दोन महिने द्या. तिचे तीन भाग आहेत, पहिला भाग संपत येतो तिथे एक बैठक घ्यायची आणि उरलेल्यावर दुसरी.

या दोन बैठकींच्या पद्धतीचा मी खरं तर सगळ्याच थ्रिलरसाठी आग्रह धरते. पहिली बैठक पुस्तकाच्या मध्यावर. कुठल्या पानावर थांबायचं ते आधी ठरवायचं, आम्ही त्याला ‘मुक्कामाचं पान’ म्हणतो. मुक्काम प्रकरणाच्या शेवटी नको, कारण लेखकाने तिथे गळ टाकलेलाच असतो आणि लोक पुढे वाचतात. प्रकरणाच्या मध्येच, जिथे जरा शांतता आहे तिथे थांबायचं. या बैठकीत प्रत्येकाने एका कागदावर दोन ओळी लिहायच्या: मला कोणाचा संशय आहे आणि कोणत्या पानावरच्या कोणत्या ओळीमुळे आहे. कागद पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं, वर नाव घालायचं. सगळी पाकिटं एकाकडे जमा. दुसऱ्या बैठकीत एकेक पाकीट फोडून मोठ्याने वाचायचं. कोणाचं बरोबर निघालं याला महत्त्व नाही. जिथे आठ जणांनी एकाच ओळीमुळे चुकीच्या माणसावर संशय घेतला असेल, ती ओळ शोधा आणि पुस्तक उघडून ती पुन्हा वाचा. लेखकाने तुम्हाला नेमकं कुठे वळवलं ते तिथे दिसतं. शाळेत शिक्षक फळ्यावर गणित सोडवून दाखवायचे तेव्हा जो आनंद व्हायचा, तो इथे होतो.

पुढे वाचून मोकळे झालेले एक-दोघं असतातच. त्यांना पहिल्या बैठकीत गप्प बसवू नका, बिचारे अस्वस्थ होतात. त्यांच्याकडे वेळेचा हिशेब द्या: गोष्ट किती तासांत किंवा किती दिवसांत घडते, कोण कुठे होतं, याचा तक्ता त्यांनी करायचा. थ्रिलरमधल्या चुका हमखास वेळेच्या हिशेबात सापडतात. आमच्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या सभासदांनी एका गाजलेल्या कादंबरीत एक माणूस एकाच दुपारी दोन शहरांत आहे असं दाखवून दिलं होतं, आणि तो तक्ता अजून आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे.

हिंसेबद्दल आधी सांगून ठेवायचं की नाही, यावर मतं वेगळी असतात. मी सांगते. लहान मुलांवरचे अत्याचार, बलात्काराचं वर्णन, आत्महत्या, यांतलं काही पुस्तकात असेल तर निवडीच्या वेळीच सगळ्यांना स्पष्ट शब्दांत सांगायचं, कोणत्या प्रकरणात आहे तेही सांगायचं. शेवट फुटत नाही यामुळे. बारा माणसांत कोणाच्या घरी काय घडून गेलेलं असतं, आपल्याला ठाऊक नसतं. आमच्याकडे एकदा मी हे सांगायची राहिले आणि एक बाई पुढचे चार महिने आल्या नाहीत. त्यानंतर हा नियम मी कधी मोडलेला नाही.

महिन्यांचा क्रम मी असा लावेन. सुरुवात ख्रिस्तीबाईंपासून, म्हणजे गेल्या महिन्यात विस्कटलेली घडी बसेल. मग शिरवळकर किंवा अर्नाळकर, प्रत्येकाचं वेगळं पुस्तक, त्यामुळे हलकं आणि हसरं सत्र होईल. त्यानंतर ‘जॅकल’ला दोन महिने. पाचव्या महिन्यात हिगाशिनो. सहाव्यात ‘वामन’ किंवा ‘सिंहासन’, तुमच्या मंडळींचा कल बघून. मधे दिवाळी आली तर त्या महिन्यात कादंबरी ठेवूच नका, घराघरांत दिवाळी अंक वाचले जात असतात. त्याऐवजी रत्नाकर मतकरींच्या दोन गूढकथा घ्या, किंवा अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’चा अंक कोणाकडे असेल तर त्यातली एखादी कथा बैठकीतच मोठ्याने वाचा. गूढकथा दिवे मंद करून ऐकायची, मग बोलायचं.

तुमच्या ७१ वर्षांच्या सभासदाचा उल्लेख तुम्ही केलात, म्हणून एक शेवटची गोष्ट. थ्रिलरच्या स्वस्त आवृत्त्यांचा टाइप बारीक असतो, कागद पिवळट असतो आणि रात्री दिव्याखाली त्या वाचवत नाहीत. ज्येष्ठ सभासद बहुतेक वेळा हे सांगत नाहीत, ‘मला नाही आवडलं’ म्हणतात. पुस्तक हातात देताना एक पान त्यांच्यासमोर उघडून धरा आणि वाचता येतंय का, ते विचारा. नसेल येत, तर ई-पुस्तकात अक्षर मोठं करून द्या, नाही तर तुमच्यातल्या कोणीतरी मोबाइलवर रोज दोन प्रकरणं वाचून, ध्वनिमुद्रित करून पाठवा. आमच्याकडच्या एका आजोबांना त्यांच्या शेजारची बारावीतली मुलगी असं ‘जॅकल’ वाचून पाठवायची. प्रकरण कुठे तोडायचं ते तिने स्वतः ठरवलं होतं, आणि रोज रात्री साडेनऊला आजोबांचा तिला फोन जायचा, उद्याचा भाग आजच पाठव म्हणून.